मिठाची खेप

समुद्र मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी सूर्यास्ताच्या वर्णनाची वाट बघत बसणार नाही. माझं बालपण गिरगावात गेलं, पण चौपाटीवर मी कधी घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. मला पोहता येत नाही आणि आता शिकायचं वयही राहिलेलं नाही. तरीही गेल्या मे महिन्यात एका शनिवारी सकाळी मी मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या घराला कुलूप लावलं आणि मोरव्याहून मीठ भरून वसईकडे जाणाऱ्या बोटीत बसायला निघाले.

याला कारण फिलोमेना. मी फोर्टात एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते. फिलोमेना शेजारच्या टेबलावर बसते आणि उत्तनहून ये-जा करते. मराठी व्यापाऱ्यांना पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आहे. 'आपली खेप गोदीत आली', 'आपली खेप भिजलेली निघाली' अशी पत्रं मी इतकी वर्षं लिहिली, पण बोटीत चढणारी खेप काही पाहिली नव्हती. हे एकदा बोलून गेले. फिलोमेना म्हणाली, "कागदावरची खेप बघून बघून तुला चष्मा लागला. एकदा खरी बघ. दादाची बोट मीठ घेऊन वसईच्या पाचूबंदरला जातेय. येतेस?"

हो म्हणाले. त्याच संध्याकाळी पस्तावा सुरू झाला, पण शब्द दिला होता.

रिक्षाने आधी भाईंदर पूर्वेला उतरले, कारण बोट लागली तर लिंबू हाताशी असावं असं कोणीतरी सांगितलं होतं. केबिन रोडवर नुकती दुकानं उघडत होती. भाजीवाला गुजराती. लिंबं दाबून बघायला लागले तर तोच म्हणाला, "इस खेप का माल सूखा है, बहेन. शाम को नई खेप आएगी, तब लेना."

म्हटलं, "शाम तक ज़िंदा रही तो आऊँगी."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तो फिर अभी ले लो," म्हणाला आणि तीच सुकी लिंबं पुडीत बांधली.

पूल ओलांडून पश्चिमेला आले आणि उत्तनची बस धरली. ही बस आणि हा रस्ता दोघं मिळून माणसाला घुसळून काढतात. खड्डा आला की पुढच्या सीटचा दांडा धरायचा आणि तो गेला की सोडायचा, एवढंच काम. मोरव्याला उतरले तेव्हा कंबर वेगळी झाल्यासारखी वाटत होती.

मोरवा हे जुनं गाव. कौलारू घरं, दारापुढे जाळी, आणि गावामागे मिठागरं. उन्हात ती इतकी पांढरी दिसतात की डोळे बारीक करावे लागतात. खाडीची एक अरुंद फाटी मिठागराच्या बांधापर्यंत आत येते, तिथे बोट लागली होती. बांधावरून बोटीपर्यंत एक फळी टाकलेली आणि तिच्यावरून मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बायका ये-जा करत होत्या. एकीने मला बाजूला सारलं. म्हणाली, या खेपेला वाट द्या, पुढच्या खेपेला पाटी उचलायला या. बाकीच्या हसल्या. तिच्या हिशेबात एक पाटी, एक फेरी म्हणजे खेप. आमच्या ऑफिसात हीच खेप आगबोटीने येते. मी बाजूला उभी राहिले.

बोट म्हणजे मासेमारीचीच होती, लाकडी, मागे एक मशीन बसवलेलं. पावसाळ्याआधी मासे खारवायला पाचूबंदरला मीठ लागतं, म्हणून वर्षातून एक-दोनदा ती मीठ वाहते. फिलोमेनाचा भाऊ आगुस्तीन हा बोटीचा नाखवा (मालक आणि चालवणाराही तोच). पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्याबरोबर पास्कू नावाचा म्हातारा खलाशी. आणि फिलोमेनाच्या हाताला धरून बांधावर उभी होती ती आगुस्तीनची सून, सिसिल.

तिला पाहिलं आणि या फेरीचं खरं कारण कळलं. मीठ दोन दिवसांनीही गेलं असतं. सिसिलला सातवा सरत आला होता. तिचं माहेर पाचूबंदरचं, बाळंतपणाला ती तिकडे चालली होती, आणि डॉक्टरने तिला बसचे धक्के अजिबात घ्यायचे नाहीत म्हणून बजावलं होतं. मी नुकतीच त्या बसमधून उतरले होते, त्यामुळे डॉक्टरचं म्हणणं मला पटवून द्यावं लागलं नाही. फिलोमेनाने मला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "तिसरी खेप आहे तिची. आधीच्या दोन राहिल्या नाहीत."

माझी आईही असंच बोलायची, पहिल्या खेपेची, दुसऱ्या खेपेची. गिरगावातल्या चाळीत हा शब्द कुठल्या पाण्यातून आला असेल असा विचार तेव्हा कधी केला नव्हता. सिसिलचा नवरा जहाजावर नोकरीला, दूर. ती माझ्याकडे बघून हसली. विशीतली मुलगी, कपाळावर घाम, आणि एक हात सतत पोटाखाली, जणू तो काढला तर काही खाली पडेल.

मला मीठ आणि मशीन यांच्या मधल्या फळीवर बसवलं. फिलोमेना आणि सिसिल माझ्यासमोर. भीती घालवायला मी लिंबू सोललं आणि साल बाहेर टाकायला हात उचलला, तो आगुस्तीनने वरच्या वर धरला. धरला म्हणजे मनगट पकडलंच.

"बाय, आज बोटीतून काय टाकायचं न्हाय," तो म्हणाला. "ही हाय ना."

फिलोमेनाने समजावलं. बोटीत गरवार बाई असेल तर किनाऱ्याला लागेपर्यंत बोटीतून काहीच बाहेर टाकत नाहीत. काटा नाही, साल नाही, विडीचं थोटूकसुद्धा नाही. आज पास्कू विड्या विझवून खिशात ठेवतो. का, ते कोणी सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे. ती स्वतः ऑफिसात टाइपरायटर बडवणारी बाई, पण हे सांगताना तिने एकदाही 'ते आपलं काहीतरी' असा चेहरा केला नाही. मी साल पिशवीत ठेवली.

भरती पुरी चढल्यावर बोट सुटली. फाटीतून बाहेर पडेपर्यंत दोन्ही बाजूंना तिवरं होती, पाणी चहाच्या रंगाचं आणि शांत. मला वाटलं, एवढंच असेल तर जमेल. फिलोमेनाने डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची तिखट चटणी आणि कैरी. खाल्लं. चटणी उत्तम होती, पण दुसरी भाकरी अर्ध्यावर ठेवावी लागली, कारण तेवढ्यात तिवरं संपली आणि समोर मोठी खाडी उघडी झाली.

ज्यांनी वसईची खाडी गाडीतून पाहिली आहे त्यांना ती कळलेली नाही. पुलावरून ती जमिनीसारखी सपाट दिसते. बोटीत बसल्यावर ती डोळ्यांच्या उंचीवर येते. ओहोटी लागली होती. सगळं पाणी समुद्राकडे ओढ घेत होतं आणि समुद्रावरून दुपारचा वारा उलट येत होता. पाणी आणि वारा समोरासमोर आले की मध्ये आखूड, उभ्या लाटा उठतात. बोट एकीवरून उतरायच्या आत दुसरी येते. पलीकडे वसईचा किल्ला स्पष्ट दिसत होता, झाडंसुद्धा ओळखू येत होती. किनारा दिसत असला की भीती कमी होते असं मला वाटायचं. तसं होत नाही. आपण नेमकं कुठे पोचणार नाही ते दिसत राहतं.

पास्कू माझ्याशी बोलून मला धीर द्यायला बघत होता. मी खेपेचं विचारत आल्येय हे त्याला फिलोमेनाने सांगितलेलं. तो म्हणाला, आता लोक खाडी ओलांडतात आणि खेप म्हणतात. त्याच्या बापाच्या वेळी शिडाचं गलबत मलबारात जायचं, इथून मीठ नि तिथून कौलं नि लाकूड, आणि पाऊस संपल्यावर निघालेला माणूस दुसऱ्या पावसाआधी घरी यायचा, त्या सगळ्याला मिळून एक खेप. बापाच्या अशा बऱ्याच झाल्या. मग म्हणाला, "शेवटच्या खेपेला न्हाय आला."

फिलोमेनाने त्याला गप्प बसायला सांगितलं. सिसिल पाण्याकडे बघत होती.

आता माझं सांगते. मी घाबरले की मोजायला लागते. इस्पितळात असले तर छतावरचे पंखे, परीक्षेत असले तर बाकं. बोटीत मोजण्यासारखं काही नव्हतं. बोटीच्या बाहेरच्या अंगाला एक निळा पट्टा रंगवलेला होता. मोरव्याहून निघताना मी वाकून पाहिलं तेव्हा पाणी त्याच्या बरंच खाली होतं आणि हात लांब केला तरी बोटं भिजत नव्हती. आता पाहिलं तर पट्टा दिसेना. हात नुसता खाली सोडला तर मनगटापर्यंत भिजला.

लाटेमुळे असेल म्हणून थोडा वेळ थांबले. परत हात सोडला. परत मनगट.

फिलोमेनाला सांगितलं. ती म्हणाली, "तू ऑफिसातसुद्धा वजनाचा काटा दोनदा बघतेस." तरी तिने भावाला हाक मारली. आगुस्तीन चिडला नाही. मागच्या बाजूला फळ्यांखाली एक खोलगट जागा असते, बोटीत झिरपलेलं पाणी तिथे जमतं आणि तिथूनच डब्याने उपसतात. पास्कूने फळी उचलली, डबा घातला. तळाला डबा घासल्याचा आवाज आला. जवळजवळ कोरडंच. आगुस्तीनने मला हाताने 'बसा' अशी खूण केली. मीही स्वतःला सांगितलं, बाई, तू भित्री आहेस, त्याची बोट आहे, त्याला कळतं.

मग मागच्या कोपऱ्यावरून एक लाट आत आली. मोठी नव्हती. न फुटता, पायरी चढून यावं तशी सरळ आत आली आणि मिठात जिरून गेली.

आगुस्तीनने ती जिरताना पाहिली. मशीनचा दांडा पास्कूच्या हातात दिला, वल्हं उचललं आणि मिठाच्या ढिगात खुपसलं. ते इतकं सहज आत गेलं की त्याचाच तोल गेला. बाहेर काढलं तेव्हा अर्ध्याहून जास्त वल्ह्यावरून पाणी निथळत होतं.

काय झालं होतं ते मला तेव्हा तुटक तुटक कळलं, नीट नंतर कळलं. बोट डागडुजीला वाळूवर ओढलेली होती. मेच्या उन्हात लाकूड आकसतं आणि फळ्यांमधल्या फटी उघडतात. म्हणून पाण्यात उतरवल्यावर ती काही भरत्या तशीच रिकामी ठेवायची असते. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फटी बंद होतात, मग भरायची. हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण सिसिलला लवकर पोचवायचं म्हणून आगुस्तीनने एकाच भरतीनंतर मीठ चढवलं. मासळीच्या बोटीत पाणी शिरलं की ते मागच्या खळग्यात दिसतं. मिठाच्या बोटीत ते दिसत नाही. मीठ ते पीत राहतं, जड होत राहतं, आणि खळगा कोरडाच राहतो. जिच्यासाठी इतकी घाई केली, तिलाच घेऊन तो बुडत्या बोटीत बसला होता.

पास्कूने मोकळी पाटी उचलली आणि मिठात घातली. आगुस्तीन म्हणाला, "थांब."

"नाखवा, वजन उतरवाय पायजे."

"ही असताना न्हाय."

कोणी आवाज चढवला नव्हता. मला वाटतं म्हणूनच मी जास्त घाबरले. पास्कू भरलेली पाटी दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. बाहेर टाकेना आणि खालीही ठेवेना. फिलोमेना भावाकडे बघत होती आणि तिच्याही तोंडातून 'टाक' निघत नव्हतं. मी मात्र बोलले. म्हणाले की जहाज वाचवायला माल टाकतातच, सगळ्या जगात टाकतात, मी स्वतः असली कागदपत्रं केली आहेत. आगुस्तीनने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, की मधल्या रेतीवर बोट चढवतो, तिथे ओहोटीला उथळ असतं. पास्कूने नुसती नकाराची मान हलवली. मी त्या बाजूला पाहिलं. रेतीवर लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या. तिथे चढलेली बोट एका अंगावर पडते, हे माझ्यासारखीलाही दिसत होतं. पाणी आता दोन्ही बाजूंनी काठाच्या बरोबरीला आलं होतं. मला काहीही, अगदी काहीही आठवेना, स्वतःच्या घराचा मजलासुद्धा.

सिसिल उठली. फिलोमेनाने तिला धरायला हात पुढे केला, तिने तो बाजूला केला. पोटाखालचा हात तिने पहिल्यांदाच काढला होता. ती पास्कूपर्यंत गेली, त्याच्या हातातल्या पाटीचे कान धरले आणि सासऱ्याकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "मागच्या दोन खेपांना मी काय टाकलं होतं?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. पाटी काठावर टेकवून तिने ती पालथी केली. मीठ पाण्यात पडलं त्याचा फारसा आवाजसुद्धा झाला नाही.

मग सगळेच सुटलो. सिसिलला फिलोमेनाने खाली बसवलं आणि स्वतः पाटी घेतली. आगुस्तीन दोन्ही हातांनी मीठ लोटत होता, मी डब्याच्या झाकणाने. ओलं मीठ चिखलासारखं जड असतं. माझ्या नखांच्या कडांना ते असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि थांबायची हिंमत होईना. किती वेळ गेला सांगता येणार नाही. केव्हातरी पास्कू डबा घेऊन मागच्या खळग्याशी बसला. आता तिथे पाणी दिसत होतं, आणि पाणी दिसतंय याचा त्याला झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. तो उपसत होता आणि देवाला आणि बोटीला एकाच दमात शिव्या देत होता. निळा पट्टा एका बाजूने वर आला.

पाचूबंदरच्या वाळूला लागलो तेव्हा बोटीत मीठ अगदी थोडं उरलं होतं. मीठ घ्यायला आलेल्या लोकांनी बोटीत डोकावलं आणि मग आमच्या तोंडांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात उतरता उतरता सिसिल वाकली. कळ आली होती.

दोघा जणांनी तिला खुर्चीत बसवून उचललं आणि गावातल्या लहान दवाखान्यात नेलं. तिथे एक वयस्क सिस्टर (नन) होती. तिने तिला आत घेतलं, मला आणि फिलोमेनाला बाकावर बसवलं. आगुस्तीन आत आलाच नाही. बाहेर भिंतीला लागून उभा राहिला, हात मिठाने पांढरे, तसेच अंगापासून लांब धरलेले. मला त्याचं तोंड खिडकीतून दिसत होतं. बोटीत मी स्वतःसाठी घाबरले होते. ती भीती आता स्वस्त वाटायला लागली. इथे काहीतरी झालं असतं तर तो माणूस आयुष्यभर पहिल्या पाटीचा हिशेब करत राहिला असता, आणि त्याला कोणी चूक म्हणालं नसतं. फिलोमेना जपमाळ ओढत होती. मी पंखे मोजायला वर पाहिलं. एकच होता.

बऱ्याच वेळाने सिस्टरने मला आत बोलावलं, कारण फिलोमेना उठेचना. सिसिल कुशीवर पडली होती. कळ थांबली होती. सिस्टरने लाकडी भोंगा तिच्या पोटावर ठेवला होता, तो तिने मला कानाला लावायला दिला. आधी माझ्याच कानातला आवाज ऐकू आला. मग त्याच्या मागून दुसरा, भराभर चाललेला.

बाहेर आले. आगुस्तीनने हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलं.

"बाय, हाय?"

"हाय," मी म्हटलं.

तो तिथेच खाली बसला.

परतीला मी बोटीचं नावसुद्धा काढलं नाही. फिलोमेना तिथेच राहिली. मी एसटी आणि मग गाडी धरून अंधार पडायच्या आत मीरा रोडला पोचले. गाडी पुलावरून जाताना डब्यातली माणसं खाडीत निर्माल्याच्या पिशव्या टाकत होती. मी डोळे मिटून घेतले. घरी यजमानांनी विचारलं, कशी झाली सहल. म्हटलं, पोचलो.

भीती ही काही अभिमानाची गोष्ट नाही, पण मी आता तिला नावंही ठेवत नाही. सोमवारी ऑफिसात एका व्यापाऱ्याला पत्र लिहायचं होतं, 'आपली खेप सुखरूप पोहोचली'. हे वाक्य मी आजवर किती वेळा लिहिलं असेल. त्या दिवशी लिहिताना फोन करून आधी खात्री करून घेतली.

सिसिलला जुलैत मुलगी झाली. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे ती सप्टेंबरमध्ये, दर्या शांत झाल्यावर परतली. तोवर मोरव्यात आणि उत्तनला ठरून गेलं होतं की मीठ टाकलं तरी चालतं, कारण ते समुद्रातूनच आलेलं, ते टाकणं नव्हे, परत देणं. हे आगुस्तीनने शोधून काढलं असं फिलोमेना सांगते. बाकी कशालाही अजून परवानगी नाही.

सिसिल परतली त्या दिवशी मला बोलावलं होतं. उत्तनजवळच्या चौक गावच्या किनाऱ्यावर मी जमिनीवर उभी होते, चपला न भिजतील इतक्या अंतरावर. बोट आली. आत पास्कू, आगुस्तीन, सिसिल आणि तिच्या मांडीवर गुंडाळलेलं ते मूल. बोटीत दुसरं काही भरलेलं नव्हतं आणि ती पाण्यावर उंच तरंगत येत होती. फिलोमेना मूल बघायला पाण्यात धावली. मी मात्र बोट वाळूला लागेपर्यंत तिच्या कडेकडेने नजर फिरवत राहिले, पाणी कुठवर आलंय ते बघत.